केस्लरचा कारखाना कोणी बंद पाडला

मिलर्स फोर्डमध्ये ट्वायलाच्या खानावळीत खिडकीला लागून एक लांब टेबल आहे. सकाळी सहा ते आठ तिथे दुसऱ्या कुणी बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नाही, पण बसायची कुणाची छाती होत नाही. ते केस्लरच्या म्हाताऱ्यांचं टेबल. केस्लरच्या कारखान्यात चाकांवरची घरं बनत, मोटारीमागे जोडून सुट्टीत तळ्याकाठी न्यायची ती. कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी ही मंडळी पहिल्या पाळीच्या वेळेलाच उठतात, डोक्याला टोपी घालतात आणि कामावर निघाल्यासारखी ट्वायलाकडे येतात.

टेबलाच्या टोकाला व्हर्लिन श्रॉक. वय एकाहत्तर, अंगाने आडवा, आवाज खणखणीत. कारखान्यात शेवटची सतरा वर्षं तो उत्पादनप्रमुख होता, त्यामुळे टेबलावरही प्रमुख तोच. विषय कुठूनही निघो, व्हर्लिन तो वॉशिंग्टनला नेऊन पोचवायचा.

"अंडी परत महागली," ऑर्व्हिल हॅकनी म्हणाला. ऑर्व्हिल वेल्डर होता, पंधरा वर्षं व्हर्लिनच्या हाताखाली.

"माझ्याकडे काय बघतोस? मी घालते का?" ट्वायला कॉफी ओतत म्हणाली.

"तू नाही घालत. पण ज्याने हा घोळ घातलाय त्याला मत तूच दिलंस," व्हर्लिन म्हणाला.

"मी मत कुणाला दिलं ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, आणि तुला बरं माहीत. खा गुपचूप."

व्हर्लिनचं अर्थशास्त्र सोपं होतं. आपल्या पक्षाचा अध्यक्ष असताना बरे दिवस आले, तर ती त्याची करामत. दुसऱ्यांचा असताना आले, तर ते आपल्याने आधी पेरलेलं उगवलं. वाईट दिवसांना हेच उलटं लावायचं. अकरा वर्षांत अध्यक्ष आले नि गेले, पेट्रोल चढलं नि उतरलं, आसपासचे कारखाने पुन्हा सुरू होऊन माणसं मिळेनाशी झाली, पण व्हर्लिन एकदाही चुकला नाही. उत्तर आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाला चुकायला जागाच कुठे असते. बाकीचे तरी कुठे शहाणे होते म्हणा. आमच्याकडे न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूसही दर चार वर्षांनी असाच बोलतो, आणि न्हावीही.

पण व्हर्लिनच्या शब्दाला वजन होतं, कारण त्याने भोगलं होतं. केस्लरच्या एकशे नव्वद माणसांचं काम मार्चच्या एका शुक्रवारी गेलं. नवा अध्यक्ष, म्हणजे दुसऱ्यांचा, खुर्चीत बसून तेव्हा सहा आठवडे झाले होते. "सहा आठवडे," व्हर्लिन म्हणायचा, आणि सहा बोटं वर करून टेबलाभोवती फिरवायचा. सगळे माना डोलवायचे.

आठ वाजले की टेबल उठायचं. कुणाला बायको वाट बघत असायची, कुणाला नातवाला शाळेत सोडायचं असायचं. व्हर्लिन मात्र उगाच गाडीत बसून रेडिओ ऐकत राहायचा. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एक स्क्रू घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. दुकानदाराला वाटायचं म्हातारा घरी काहीतरी मोठं बांधतोय. तो काहीच बांधत नव्हता. त्याला फक्त कुणीतरी "आणखी काही?" असं विचारायला हवं होतं. बायको लोइस दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं, आणि एवढ्या खणखणीत आवाजाच्या माणसाला दुपारभर तो आवाज गिळून बसणं फार जड जायचं.

मुलगी होती. लिनेट. दीड तासावर, फोर्ट वेनला. पण ती दीड तासाची वाट अकरा वर्षांत लिनेटने या बाजूला एकदाच कापली, आईच्या दफनाला. तेव्हाही ती खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि जेवायला न थांबता परत गेली.

ते भांडण साऱ्या गावाला ठाऊक होतं. कारखाना बंद पडला त्याच वर्षीचा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. लोइसने टर्की भाजली होती, बटाट्याच्या लगद्यावर शेवया वाढल्या होत्या. टेबलाशी लिनेट होती, तिचा नवरा कर्ट होता, त्याचंही काम केस्लरमध्येच गेलेलं. आणि ऑर्व्हिल होता. ऑर्व्हिलचं घर त्या महिन्यात बँकेने घेतलं, तो बहिणीच्या तळघरात राहायला गेला होता, म्हणून लोइसने त्याला मुद्दाम बोलावलं होतं. लिनेटने मत दुसऱ्यांच्या माणसाला दिलं होतं आणि ते तिने कधी लपवलं नव्हतं. प्रार्थना झाली, थाळ्या फिरल्या, आणि व्हर्लिनच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"तुझ्या मताने तुझ्या नवऱ्याचं काम खाल्लं," तो लिनेटला म्हणाला. "ऑर्व्हिलचं घर खाल्लं. आता हे जेवण घशाखाली कसं उतरतंय तुझ्या?"

"एक माणूस सहा आठवड्यांत कारखाना बंद पाडत नाही, डॅड."

"मग कुणी पाडला? सांग ना. इथे सगळे बसलेत, सांग, कुणी पाडला?"

लिनेट त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ऑर्व्हिलकडे बघितलं. मग चमचा खाली ठेवला, कोट उचलला आणि कर्टला म्हणाली, "चल." व्हर्लिनला वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही. जिंकल्यासारखं वाटलं त्याला. दोन महिन्यांत ती दोघं फोर्ट वेनला गेली. लोइस महिन्यातून एकदा एकटी गाडी घेऊन त्यांना भेटून यायची. दर नोव्हेंबरात ती व्हर्लिनला म्हणायची, "लिनेटला एकदा फोन कर. काय ते बोलून टाक." व्हर्लिन म्हणायचा, "माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही." हे खोटं होतं, आणि ते एकट्या व्हर्लिनला माहीत होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

यंदाच्या ऑक्टोबरात गावच्या ग्रंथालयातल्या मिसेस टेटम ट्वायलाकडे आल्या. ग्रंथालयाच्या एका भिंतीवर केस्लरच्या कारखान्याची आठवण लावायची होती: जुने फोटो, चाकांवरच्या घराचा एक दरवाजा, कामगारांची ओळखपत्रं. त्यांनी प्रत्येकाला एकेक जाड कार्ड दिलं. वर छापलं होतं, 'कारखाना का बंद पडला? तुमच्या शब्दांत.' खाली नावासाठी रेघ.

"तुमचं कार्ड मधोमध लावणार आहे, मिस्टर श्रॉक," त्या म्हणाल्या. "मिस्टर केस्लर आता नाहीत. आतली गोष्ट माहीत असलेले तुम्हीच उरलात."

व्हर्लिन कार्ड घेऊन घरी आला, चष्मा लावला, स्वयंपाकघरात बसला. वाक्य तोंडपाठ होतं. हजारदा बोललेलं. पण हात चालेना. ट्वायलाकडे बोललेलं ट्वायला फडक्याने टेबलासकट पुसून टाकायची. हे भिंतीवर राहणार होतं, खाली व्हर्लिन श्रॉक असं नाव घालून. शाळेतली मुलं येऊन वाचणार होती. त्याने पेन झाकून ठेवलं.

कारण गोष्ट निराळी होती. कारखाना बंद पडायच्या आदल्या वर्षी, म्हणजे निवडणुकीच्या वर्षी, मे महिन्यात केस्लरने त्याला ऑफिसात बोलावलं होतं.

"व्हर्लिन, पेट्रोल बघ कुठे गेलंय," केस्लर म्हणाला. "विक्रेते माझे फोन घेत नाहीत. घरांखालचे पोलादी सांगाडे बनवणारे म्हणतात, पुढच्या वर्षाचेही आत्ताच उचललेत तर स्वस्त देऊ. मी म्हणतो थांबावं."

"थांबू नका, मिस्टर केस्लर. नोव्हेंबरात आपला माणूस येतोय. तो आला की पेट्रोल उतरेल, गिऱ्हाईक दारात उभं राहील, आणि तेव्हा आपल्याकडे सांगाडे नसले तर बसू बोंबलत."

"येईल याची खात्री आहे?"

"गावातून चक्कर मारून या. घराघरापुढे त्याच्याच पाट्या आहेत."

व्हर्लिनने खरोखरच चक्कर मारली होती. रविवारी चर्चमधून येताना लोइसला शेजारी बसवून त्याने गावातला एकेक रस्ता पालथा घातला होता आणि हिरवळीवर खोचलेल्या पाट्या बघितल्या होत्या. मिलर्स फोर्डमध्ये दुसऱ्यांच्या पाट्या औषधालाही नव्हत्या. चार हजार वस्तीच्या गावातल्या अंगणांवरून त्याने सगळ्या देशाचा निकाल लावला, त्या निकालावरून पेट्रोलचा भाव लावला, आणि त्या भावावर केस्लरला दोन वर्षांचे पोलादी सांगाडे मागवायला लावले. केस्लर भित्रा होता, पण व्हर्लिनवर त्याचा विश्वास होता.

सांगाडे ऑगस्टपासून यायला लागले. विक्री तोवर पार आटली होती. कारखान्यामागच्या शेतात एकावर एक रचून ठेवलेल्या सांगाड्यांवर आधी दव पडलं, मग बर्फ. आपला माणूस हरला. मार्चमध्ये केस्लरने दाराला कुलूप लावलं, आणि नवा अध्यक्ष सहाच आठवड्यांचा आहे हे व्हर्लिनच्या ध्यानात आलं. बुडत्याच्या हाताला दोर लागावा तसं त्याला झालं. केस्लर पुढच्या उन्हाळ्यात वारला. त्याने शेवटपर्यंत व्हर्लिनचं नाव कुणाजवळ काढलं नाही. सभ्य माणूस होता तो. तो गेला आणि ते गुपित व्हर्लिनच्या एकट्याच्या गळ्यात राहिलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळ्यांनी आपापली कार्डं काढली. ऑर्व्हिलने आपलं वाचून दाखवलं. त्यात अध्यक्षाचं नाव दोनदा होतं.

"तुझं दाखव," तो व्हर्लिनला म्हणाला.

"लिहिलं नाही अजून."

"तू लिहिलंस की झालं. माझं कोण वाचतंय. मी साधा वेल्डर."

व्हर्लिनने कॉफीचा मग फिरवला. "ऑर्व्हिल, समज, अध्यक्षाचा त्यात काही हात नव्हताच."

"मग कुणाचा होता?"

ट्वायला किटली हातात धरून थांबली.

"म्हणतो आपलं," व्हर्लिन म्हणाला.

"असलं म्हणू नकोस. सकाळी सकाळी." ऑर्व्हिल हसला नाही. "अकरा वर्षं मी कुणावर तरी चिडून काढलीत. आता तू म्हणतोस त्याचं काही नव्हतं."

व्हर्लिनला भीती वाटली. वॉशिंग्टनात बसलेल्या माणसावर अकरा वर्षं खुशाल चिडता येतं, त्याला पत्ताही नसतो. समोर बसून अंडी खाणाऱ्या माणसावर चिडलं तर उद्या जेवायचं कुणाबरोबर? हे टेबल सोडून त्याच्याजवळ काहीही उरलेलं नव्हतं. खरं लिहिलं तर हेही जाणार. खोटं लिहिलं तर लिनेटच्या तोंडावर भिंतीएवढं खोटं, आणि तेही मेल्यानंतरसुद्धा तिथेच. तो आठ वाजायच्या आधीच उठला. असं तो कधी उठला नव्हता.

शनिवारी सकाळी तो फोर्ट वेनला निघाला. फोन केला नाही. ती नको म्हणाली असती तर जायची सोय उरली नसती. वाटेत तीनदा त्याला वाटलं की गाडी वळवावी. एकदा तर वळवलीही, पेट्रोल भरायच्या निमित्ताने, आणि पंपावरच्या मुलीशी हवापाण्याचं बोलून पुन्हा रस्त्याला लागला. कोरं कार्ड त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं.

लिनेट अंगणात गळलेली पानं ओढत होती. पाठमोरी बघून तो जागीच थांबला. केस पिकले होते, आणि वाकण्याची ढब थेट लोइसची.

तिने वळून बघितलं. "डॅड? कोण गेलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "आहेत सगळे. म्हणजे जे होते ते."

ती आत ये म्हणाली नाही. पण ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली, पानं ओढायचं दाताळं गुडघ्यांवर आडवं धरून. व्हर्लिन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. कर्ट सामना बघायला गेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आणि त्याने सांगितलं. मे महिना, केस्लरचं ऑफिस, पाट्या, सांगाडे. खणखणीत आवाजाचा माणूस, पण लिनेटला ऐकायला मान वाकवावी लागली. शेवटी तो म्हणाला, "तू विचारलं नव्हतंस, मीच तुला विचारलं होतं. कुणी पाडला म्हणून. तर मी पाडला."

लिनेटने दाताळ्यात अडकलेलं एक पान काढलं.

"ती ऑर्डर मी टाइप केली होती, डॅड."

व्हर्लिनला आधी कळलंच नाही. लिनेट तेव्हा कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती हे तो विसरला नव्हता. पण असल्या मोठ्या गोष्टी केस्लर स्वतः फोनवर बोलत असेल असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"मिस्टर केस्लरने मला लिहायला लावलं होतं, उत्पादनप्रमुखांच्या सल्ल्याने, म्हणून. तुझं नाव मीच घातलं त्यात."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस? मी विचारत होतो तुला. सगळ्यांसमोर विचारत होतो."

"सगळ्यांसमोर म्हणूनच. ऑर्व्हिल बसला होता तिथे, डॅड. कर्ट बसला होता. मी तोंड उघडलं असतं तर तू त्या टेबलावरून उठून कुठे गेला असतास?"

व्हर्लिन आपल्या हातांकडे बघत राहिला. जिंकल्यासारखं वाटलं होतं त्याला त्या दिवशी. त्याची त्याला आता एवढी लाज वाटली की मान वर होईना.

"आणि दुसरं असं," लिनेट म्हणाली, "की ते खरंही नाही. त्या वर्षी आपल्या भागातले किती कारखाने बसले? पलीकडच्या रस्त्यावरच्यांनी एक सांगाडा जास्त घेतला नव्हता, ते आपल्या आधी बंद झाले. लोकांना कर्ज मिळत नव्हतं, पेट्रोल परवडत नव्हतं, चाकांवरचं घर कोण घेणार? तुझ्या सांगाड्यांनी कारखाना महिना-दोन महिने आधी गेला असेल. तेवढंच. तू एवढा मोठा नाहीस, डॅड. मला तर वाटतं अध्यक्षही एवढा मोठा नसतो."

खरं म्हणजे त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा राग आला. अकरा वर्षं त्याने हे ओझं एकट्याने वाहिलं, आणि आता ही पोर म्हणते ते तेवढं जड नव्हतंच. मग राग गेला आणि नुसतं रिकामं वाटलं. कारखान्यातून बाहेर पडताना शेवटच्या दिवशी वाटलं होतं तसं.

"पण मला जे बोललास ते तूच बोललास," लिनेट म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "जेवण घशाखाली कसं उतरतंय म्हणालास. ते कुठल्या अध्यक्षाने नाही म्हटलं."

"हो," व्हर्लिन म्हणाला. "ते मीच बोललो. चुकलो मी, लिनेट."

तिने मान हलवली. माफ केलं असं नाही, ऐकलं एवढंच. एक बाई कुत्र्याला घेऊन समोरून गेली, तिने हात केला, लिनेटनेही केला.

मग व्हर्लिनच्या डोक्यात एक गोष्ट आली.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"त्या थँक्सगिव्हिंगच्याच संध्याकाळी सांगितलं मी तिला. फोनवर."

नऊ वर्षं. नऊ वर्षं लोइस त्याच्यासमोर बसून कॉफी पीत होती आणि तो सहा बोटं वर करून अध्यक्षाला शिव्या देत होता. एकदाही तिने त्याला तोडलं नाही. फक्त दर नोव्हेंबरात म्हणायची, काय ते बोलून टाक. त्याला वाटायचं ती समेट करायला सांगतेय. घरात एकटा तोच काहीतरी लपवून बसलाय असं त्याला वाटायचं, आणि त्या एकटेपणात ती रोज त्याच्या शेजारी होती, हात पुढे करून.

"ती मला काहीच का नाही म्हणाली?" त्याने विचारलं.

"मी खूपदा म्हटलं तिला, आपणच सांगून टाकू. ती नाही म्हणायची." लिनेट आता रडत होती, पण आवाज सांभाळून बोलत होती. "म्हणायची, त्याला एकदा स्वतःच्या तोंडाने सांगू दे की मी बंद पाडला. मग आपण दोघी मिळून त्याला सांगू, की नाही, तू नाही पाडलास."